दूधवाला दशरथ, भाग बारावा

त्या रविवारी दुपारी म्हशीचा उजवा गुडघा नीट वाकत नव्हता, आणि तेवढ्या एका कारणाने श्यामकांत पेठे आमटीभात अर्धा टाकून उठले होते.

“हे बघ,” गार्गीपुढे फोन धरत ते म्हणाले. “डावा वाकतो तसा उजवा वाकत नाही. म्हातारी म्हैस आहे, मान्य. पण दोन्ही गुडघे सारखेच दुखायला हवेत की नकोत?”

“माझे नाही दुखत सारखे,” स्वयंपाकघरातून कुंदाताई म्हणाल्या. “उजवा जास्त दुखतो.”

श्यामकांतांनी क्षणभर विचार केला. “मग राहू दे तसाच,” ते म्हणाले आणि समाधानाने पुन्हा पानावर येऊन बसले.

गार्गी त्यांची एकुलती एक मुलगी. वय चाळिशीच्या पुढे, अंधेरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची, पर्समध्ये कायम एखादं जाडजूड पुस्तक. दर रविवारी ती बोरिवलीहून दिंडोशीला आईबाबांकडे जेवायला यायची. जेवण झालं की बाबा फोन पुढे करायचे, ती पुस्तकात बोट घालून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने फोन घ्यायची.

त्या दिवशीही घेतला. पडद्यावर आरे कॉलनीतला रस्ता होता. दशरथ नावाचा दूधवाला, आता केस पांढरे, सायकल चालवत नव्हता, हातात धरून चालवत नेत होता. मागे म्हैस. ती त्याचा पाठलाग करत होती असं म्हणायचं, कारण गेली तीस वर्षं ती तेच करत होती. पण आता दोघंही एकेका झाडाखाली थांबून दम खात होते. गार्गीने बराच वेळ बटण दाबून धरलं तेव्हा कुठे एक वळण पार झालं.

“कसा आहे?” बाबांनी विचारलं.

“मस्त.”

“नुसता मस्त?”

“खूप मस्त.”

“पुढे पूल येतोय. तलावावरचा. तिथे खरी गंमत आहे.” ते खूश होऊन म्हणाले. “पुढच्या रविवारी पूल टाकतो. मग बघ.”

“बघते,” गार्गी म्हणाली आणि पुस्तकातलं बोट काढून पान उलटलं.

“पूल नंतर टाका,” कुंदाताई म्हणाल्या. “आधी बाथरूमची ट्यूब टाका. आठवडा झाला, मी अंदाजाने अंघोळ करतेय.”

संध्याकाळी ते ट्यूब आणायला म्हणून खाली उतरले आणि कोथिंबीर घेऊन परत आले, कारण वाटेत त्यांना म्हातारी म्हैस श्वास कसा सोडेल ते सुचलं होतं. त्यांनी तो श्वास दारातच सोडून दाखवला. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंनी दार उघडून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. रात्री श्यामकांतांनी तोच श्वास फोनमध्ये भरून गेममधल्या म्हशीला दिला.

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत. कुंदाताईंनी चहा दोनदा गरम केला आणि मग जाऊन पाहिलं.

आता ज्या वाचकांचं बालपण ‘दूधवाला दशरथ’शिवाय गेलं, त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं.

गार्गी अकरा वर्षांची होती तेव्हा श्यामकांत साकीनाक्याच्या एका गाळ्यात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम जुळवायचे. सुटे भाग परदेशातून यायचे. कॅसेटवर ‘नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम’ असं ठसठशीत छापलेलं असायचं आणि आत सात गेम असायचे. तेच सात, रंग बदलून पुन्हा पुन्हा. भागीदार होते चंद्रप्रकाश राणे, म्हणजे चंदूकाका. मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत, स्वतः मात्र कुठल्याही यंत्राच्या पोटात हात घालायला तयार.

श्यामकांत दिंडोशीहून साकीनाक्याला आरेच्या रस्त्याने स्कूटरवर जायचे. एके सकाळी एक म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. त्यांनी हॉर्न दिला. म्हशीने वळून पाहिलं, थोडा विचार केला, आणि काहीही कारण नसताना त्यांच्या मागे धावत सुटली. श्यामकांत गाळ्यावर पोचले तेव्हा पायात एकच चप्पल होती, पण चेहरा उजळलेला होता.

“चंदू,” ते म्हणाले, “आठवा गेम मिळाला.”

महिनाभरात तो तयार झाला. स्कूटरवरच्या माणसाच्या मागे म्हैस लागली तर कोणाला त्याची फारशी दया येत नाही, म्हणून त्यांनी माणसाला सायकल दिली, सायकलला दोन किटल्या लावल्या आणि त्याचं नाव दशरथ ठेवलं. दूध नासायच्या आत साकीनाका गाठायचा, मागे म्हैस, पुढे खड्डे. म्हशीने गाठलं की ती दशरथवर बसायची आणि पडद्यावर अक्षरं यायची, ‘दूध सांडले’. म्हशीचं नाव मालन, हा चंदूकाकांचा हट्ट. त्यांच्या आत्याचं नाव मालन होतं आणि तीही कारण नसताना मागे लागायची. आत्याला हे कळलं तेव्हा ती घाटकोपरहून मुद्दाम गाळ्यावर आली. सगळ्यांनी श्वास रोखून धरला. तासभर तिने म्हशीकडे टक लावून पाहिलं आणि उठताना एवढंच म्हणाली, “शेपटी बारीक काढलंस रे.”

दुसऱ्या भागात शेपटी जाड झाली.

तो गेम उपनगरांत असा पसरला की काय सांगावं. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत पोरांच्या अंगठ्यांना घट्टे पडले. कॅसेटमध्ये फुंकर मारायची ती डाव्या बाजूने की उजव्या, यावरून जिवलग मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. खऱ्या दूधवाल्यांची तर वाट लागली. सकाळी भय्या जिना चढायला लागला की मागून चार मजल्यांवरची पोरं हंबरायची. तिसऱ्या भागात दोन म्हशी आल्या आणि त्या वर्षी बोरिवलीच्या एका मंडळाने गणपतीच सायकलवर बसवला, दोन्ही बाजूंना किटल्या. उंदीर कॅरिअरवर. काही ज्येष्ठ नागरिकांनी देवाला दूध विकायला लावल्याबद्दल निषेध केला, पण दर्शनाची रांग नाक्यापर्यंत होती आणि निषेध करणारेही त्याच रांगेत उभे होते.

प्रत्येक भाग तयार झाला की श्यामकांत तो सगळ्यांत आधी घरी आणायचे. चंदूकाकांच्याही आधी गार्गीला खेळायला लावायचे. ती तेव्हाही वाचत असायची. बोट पुस्तकात, मग खेळणं, मग “कसा आहे?” आणि “मस्त.” गेम संपला की शेवटच्या पडद्यावर श्रेयनामावली यायची: ‘कल्पना: श्यामकांत पेठे. जुळणी: चंद्रप्रकाश राणे. चाचणी: कु. गार्गी.’ ही कु. गार्गी पुढे लग्न करून सौ. झाली, पीएच.डी. करून डॉ. झाली, पण श्रेयनामावलीत ती कु.च राहिली.

मग घसरण सुरू झाली, आणि खरं सांगायचं तर घसरणीतही श्यामकांतांचा उत्साह चढणीइतकाच होता. दुकानदार म्हणाले क्रिकेट हवं, म्हणून चौथ्या भागात दशरथ बॅटिंगला आला आणि म्हैस मिडऑनला उभी राहिली. तिच्याकडे चेंडू गेला की ती त्याच्यावर बसायची आणि सामना तिथेच संपायचा. पाचव्यात, सीडीचे दिवस आले तेव्हा, दशरथ अंतराळात गेला. तिथे दूध सांडत नाही, तरंगतं, हे श्यामकांतांच्या लक्षात आलं तोवर गेम बाजारात गेला होता. दूध सांडेचना, त्यामुळे गेम संपेचना. मालाडच्या एका मुलाने तो दिवाळीच्या सुट्टीत सुरू केला आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याच्या आईने मेन स्विच बंद केला.

पण खरा घात केला सहाव्याने. तो थ्रीडी होता. कॅमेरा पाठीमागून, मोठ्या परदेशी गेमसारखा. आता कॅमेरा मागे आणि म्हैस त्याच्याही मागे, म्हणजे ती दिसणार कशी? श्यामकांतांनी तोडगा काढला की म्हैस पुढे पळेल आणि दशरथ तिचा पाठलाग करेल. परिणामी पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत खेळणाऱ्याला म्हशीची मागची बाजू दिसायची. फक्त तेवढीच.

“अहो, हे काय दाखवताय लोकांना?” कुंदाताईंनी विचारलं होतं.

“थ्रीडी,” श्यामकांत म्हणाले होते.

त्यानंतर सातवा निघाला बटणांच्या फोनसाठी, त्यात म्हैस अख्ख्या पडद्यावर मावायची आणि मग दशरथला जागाच उरायची नाही. आठव्यात म्हैस पाढे विचारायची. एका शाळेने मोठ्या हौसेने तो घेतला आणि तिथली मुलं आरेत सहलीला गेल्यावर म्हैस दिसताच सतरा नवे त्रेपन्नासे म्हणत रडायला लागली. नवव्यात दशरथचं सुलक्षणा नावाच्या मुलीशी लग्न झालं आणि सासू आली. दहाव्यात म्हशीला दर दोन तासांनी पेंड घालावी लागे, नाहीतर फोन हंबरायचा. ऑफिसांत, बँकांत, एकदा तर दिंडोशीच्या कोर्टात. अकरावा किती जणांनी खेळला ते श्यामकांत सांगायचे नाहीत. बहुतेक जाहिरातीच होत्या, मधून मधून म्हैस.

साकीनाक्याचा गाळा गेला. चंदूकाका फ्रीज दुरुस्त करू लागले. श्यामकांत घरच्या टेबलावर बाराव्या भागाला बसले, आणि मग तो सोमवार आला.

चौथ्या दिवशी एक तरुण भेटायला आला. पस्तिशीचा, चष्मा, हातात मोगऱ्याचा हार. त्याने फोटोला हार घातला, वाकून नमस्कार केला, कुंदाताईंसमोर बराच वेळ मान खाली घालून बसला. मग म्हणाला, “मी शौनक. मुलुंडहून. दशरथप्रेमी मंडळाचा अध्यक्ष.”

“असं मंडळ आहे?” गार्गीने विचारलं.

“आहे ना. अकरा सभासद आहोत. म्हणजे आई धरून.” त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही कु. गार्गी?”

“गार्गी.”

“ताई, एक विचारू? घरात हे असं असताना विचारू नये खरं तर.”

“विचारा.”

“सहावा भाग तुम्ही पास कसा केलात?”

कोपऱ्यात बसलेले चंदूकाका खोकले.

“राग मानू नका,” शौनक घाईने म्हणाला. “आमच्या मंडळात यावर फार चर्चा होते. एक गट म्हणतो, तुम्हाला काहीतरी खोल अर्थ दिसला असणार.”

“चहा घेणार?” गार्गीने विचारलं.

चहा झाला. पण शौनक उठला नाही, कारण तो नुसता भेटायला आला नव्हता. बारावा भाग अर्धा झालाय हे मंडळाला माहीत होतं. तो स्वतः एका कंपनीत प्रोग्रॅमिंग करायचा. उरलेलं काम तो फुकट करायला तयार होता. चंदूकाकांनी श्यामकांतांचा फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही त्याला दाखवले होते.

“सगळं जाग्यावर आसा गे,” चंदूकाका गार्गीला म्हणाले. “पुलापर्यंत झालोच. पूल तेवढो रवलो.”

“पुलावर काय होतं तेच कळत नाही,” शौनक म्हणाला. “तीस वर्षं ती त्याच्या मागे आहे. पुलावर ती त्याला गाठते, की तो सुटतो, की आणखी काही? कुठेच लिहिलेलं नाही. ते फक्त तुम्हालाच सांगितलं असणार. सगळं तुम्हालाच आधी दाखवायचे ना?”

गार्गीला पूल आठवला. बाबा म्हणाले होते, तिथे खरी गंमत आहे. काय गंमत, असं दोन शब्दांत विचारता आलं असतं. तिने पान उलटलं होतं.

“नाही सांगितलं,” ती म्हणाली.

“मग तुम्ही ठरवा. मंडळ मान्य करेल. सहावा मान्य केला की आम्ही.”

“मला विचार करू दे.”

“कर, कर,” चंदूकाका म्हणाले. “पण एक ध्यानात ठेव. तेची इच्छा अडकली हा त्यात. दहाव्याक कावळो शिवाक व्हयो.”

ते बोलून गेले आणि कुंदाताईंनी ते मनावर घेतलं. तशा त्या श्रद्धाळू वगैरे नव्हत्या. नवऱ्याच्या सगळ्या उद्योगांकडे त्यांनी आयुष्यभर जराशा संशयानेच पाहिलं होतं. पण त्या दिवसापासून त्या दोन घासांपलीकडे जेवेनात. गार्गीने ताट पुढे केलं की म्हणायच्या, “कावळा शिवू दे गं. मग जेवते नीट. ते काही मनात ठेवून गेले असतील तर मला घास उतरत नाही.” गार्गीचा कावळ्यावर विश्वास नव्हता. पण आई तिच्यासमोर दिवसेंदिवस वाळत चालली होती, आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्नच नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी तलावाच्या घाटावर चौघं जमली: गार्गी, कुंदाताई, चंदूकाका आणि कोणी न बोलावता शौनक. देवदत्त गुरुजी तरुण होते, घाईत होते, आणि त्यांच्यामागे आणखी एक कुटुंब ताटकळत उभं होतं. सगळे विधी त्यांनी गार्गीकडून करून घेतले, पिंड मांडले, आणि म्हणाले, “आता जरा मागे या सगळे. येतीलच.”

कावळे होते. कठड्यावर ओळीने बसले होते, चांगले टपोरे. पिंडांकडे बघत होते. पण हलत नव्हते.

“येतीलच,” गुरुजी पुन्हा म्हणाले.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. एका कावळ्याने पंख पसरले, सगळ्यांच्या माना वर झाल्या, त्याने पंख मिटले.

“पोटं भरली असतील त्यांची,” शौनक हळूच म्हणाला. “सकाळपासून किती जणांचं झालं?”

“आपला पाचवा नंबर,” गुरुजींनी कबूल केलं. “पण असं पोटावर नसतं ते. काही इच्छा राहिली असेल तर बोला. मोठ्याने बोला, लाजू नका.”

कुंदाताई पुढे झाल्या. “अहो,” त्या पिंडाला म्हणाल्या, “माळ्यावरच्या कॅसेटी भंगारात देणार नाही.” जरा थांबून पुढे म्हणाल्या, “जुना टीव्हीसुद्धा नाही देणार.”

एक कावळा मान वाकडी करून त्यांच्याकडे बघायला लागला. पण तेवढंच.

“वैनी, ह्या असा नाय चालायचा,” चंदूकाका म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

“बा श्यामकांता म्हाराजा!”

चंदूकाकांनी एक डोळा उघडला. “होय म्हाराजा म्हणा रे.”

“होय म्हाराजा,” शौनक म्हणाला.

“हे आपल्याकडे नसतं,” गुरुजी म्हणाले.

“आमच्याकडे असता,” चंदूकाका म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. “आज जो काय तुझ्या गेमचो बारावो भाग अर्धो रवलो आसा म्हाराजा...”

“होय म्हाराजा.”

“तो ह्या तुझ्या चेडवाच्या हातून पुरो करून घे म्हाराजा...”

“होय म्हाराजा,” शौनक म्हणाला. मागे नंबर लावून उभ्या असलेल्या कुटुंबातल्या दोघातिघांनीही आपसूक साथ दिली.

“आणि वर्षाच्या आत बाजारात येऊ दे म्हाराजा...”

“आणि त्यात जाहिराती नकोत म्हाराजा,” शौनकने मध्येच घातलं.

चंदूकाकांनी दोन्ही डोळे उघडले. “गाऱ्हाणा मी घालतंय ना?”

“काका, अकराव्या भागाची चूक पुन्हा नको. आत्ताच स्पष्ट झालेलं बरं.”

“जाहिरातीशिवाय खर्च कसो सुटतलो?”

“ही श्यामकांतकाकांची इच्छा आहे की तुमची?”

“तेचीच आसा. मी भागीदार. तू कोण?”

“मी सहावा भाग पूर्ण केलेला माणूस आहे,” शौनक शांतपणे म्हणाला.

मागच्या कुटुंबातल्या एका गृहस्थांनी पुढे झुकून विचारलं, “कुठला गेम म्हणताय? दशरथ का? तो म्हशीवाला?” आणि हो म्हटल्यावर आपल्या बायकोला म्हणाले, “अगं, तो नाही का, आपला बंटी सतरा नवे सतरा नवे करत झोपेतून उठायचा, तो.”

“तुम्ही केलात होय तो?” त्या बाईंनी गार्गीकडे अशा नजरेने पाहिलं की गार्गी जराशी मागे सरकली.

तेवढ्यात शौनकला कल्पना सुचली. श्यामकांतांचा आत्मा आसपास असेल तर ओळखीच्या आवाजाने तरी समजेल, या हिशोबाने त्याने फोन काढला आणि त्यात उतरवून घेतलेला बारावा भाग सुरू केला. आवाज त्याने आधीच पूर्ण वाढवलेला होता. श्यामकांतांनी दारात उभं राहून सोडून दाखवलेला तो श्वास, म्हाताऱ्या म्हशीचा, दमलेला, लांबलचक, सगळ्या घाटावर घुमला आणि त्यापाठोपाठ एक हंबरडा.

कठड्यावरचे कावळे एकजात उडाले.

सगळे आकाशाकडे बघत राहिले. कुंदाताईंनी डोळ्यांना पदर लावला. त्या रडतायत की हसतायत ते पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं की दोन्ही.

“हुबेहूब,” त्या म्हणाल्या. “मेला अगदी तसाच घोरायचा माणूस.”

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. मग पिशवीतून दर्भ काढून ते त्याला गाठ मारायला लागले. “आपण दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. शास्त्राला मान्य आहे. सगळेच करतात हल्ली.”

“नको,” कुंदाताई म्हणाल्या.

“आई, त्यांनाही पुढचं आहे,” गार्गी म्हणाली.

“गवताचा कावळा नको. आयुष्यभर खोट्या म्हशीमागे गेले. निदान कावळा खरा मिळू दे त्यांना.” त्या पायरीवर बसल्या. उठायचा काही विचार दिसत नव्हता. उजवा गुडघा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. “सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही मी. शिवल्याशिवाय घेणारही नाही.”

दोन कावळे परत आले आणि जरा लांब, पलीकडच्या खांबावर बसले.

आता सगळे गार्गीकडे बघत होते. चंदूकाका तिच्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “आमच्या कोणाच्या बोलण्याचा तेका काय पडलेला नाय. तू बोल. तुझ्याशिवाय तेना कोणाक कधी विचारलान नाय.”

“काय बोलू?”

“बारावो काढतंय म्हण. चार शब्द. तुझ्या आवशीसाठी, वैनीसाठी.”

“पुलाचं नंतर ठरवता येईल,” शौनक म्हणाला.

सोपं होतं. आयुष्यात इतकं सोपं तिने अनेकदा केलं होतं. एक शब्द म्हणायचा, समोरचा माणूस खूश होतो, आपण पुस्तकाकडे परत जातो. कावळा यायचा असेल तर येईल, नाही तर आईला निदान वाटेल की बाबांना हवं ते मिळालं. ती पिंडांसमोर येऊन बसली. तिने हात जोडले. काढते, हा शब्द तिने तोंडात तयार करून ठेवला होता.

“बाबा,” ती म्हणाली, आणि तो शब्द काही बाहेर येईना.

मागे कोणीतरी खाकरलं. गुरुजी दर्भ बोटाभोवती गुंडाळत थांबले.

“बाबा, बारावा भाग मी काढणार नाही,” गार्गी म्हणाली. चंदूकाकांनी कपाळाला हात लावला. “मला पुलावर काय होतं ते माहीत नाही. तुम्ही सांगणार होतात, मी विचारलं नाही. आता मी काहीही ठरवलं तरी ते माझं असेल, तुमचं नाही, आणि शेवटी पुन्हा चाचणी म्हणून माझंच नाव येईल.”

तिचा आवाज वर्गात शिकवताना असायचा तसा सरळ होता. मग तो तसा राहिला नाही.

“मला तुमचा गेम कधी आवडला नाही. सहावाच नाही, एकही नाही. पहिलासुद्धा नाही. म्हैस आवडायची थोडी. मी मस्त म्हणायचे, कारण तुम्ही घरात पाऊल टाकलं की चपला काढायच्या आधी माझ्याकडे यायचात आणि विचारायचात, कसा आहे. मला ते विचारणं आवडायचं, बाबा. तेवढ्यासाठी मी आणखी शंभर भाग खेळले असते.”

पलीकडच्या खांबावरचा एक कावळा खाली उतरला, पिंडाला चोच लावून उडाला, आणि कुंदाताईंनी पाण्यासाठी हात पुढे केला.